विहिरीची पाळी आणि माझी भाषा

जिंतूरच्या कॉलेजात मी पोरांना कॉम्प्युटर शिकवतो आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरसाठी नवी भाषा बनवतो; म्हणजे जिच्यात प्रोग्रॅम लिहितात ती. असा उद्योग करणारे जगभर पुष्कळ आहेत आणि इंटरनेटवर त्यांचं एक मंडळ आहे. तिथं प्रत्येकाची स्वतःची एक भाषा असते. दुसऱ्याच्या भाषेत कोणी एक ओळ लिहीत नाही, तिच्यात खोड मात्र सगळे काढतात. लग्नात सगळेच नवरदेव असले तर पंगतीला वाढणार कोण?

ओळीच्या शेवटी अर्धविराम असावा की नसावा, यावर तिथं एकदा उन्हाळाभर भांडण चाललं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मी ‘नसावा’च्या बाजूचा. गावी जाताना झरीच्या एसटीत उभ्यानं, एका हातानं दांडी धरून, मी एका परदेशी गृहस्थाला लांबलचक उत्तरं लिहायचो. तो मला कुठल्या तरी मोठ्या विद्यापीठातला समजायचा, आणि मीही त्याला दुखावलं नाही.

गावी आमची तीन भावांत मिळून एक विहीर आहे. आबा, म्हणजे माझे वडील, थोरले. प्रत्येकाची चार दिवस पाळी. लाइट नसेल तो दिवस धरायचा नाही. कोणाकडं लग्न-मयत झाली तर पाळी अदलाबदल. आजोबांपासूनचं हे सगळं आबांच्या डोक्यात आणि मोटारीच्या खोलीची चावी त्यांच्या कमरेला. दोन्ही काका विचारायला यायचे आणि आबा सांगतील तो शब्द शेवटचा.

एका रविवारी आबा म्हणाले, “तू ते बडवीत बसतूस, त्याच्यात आपली पाळी बसंल का? आज कोणाची हाय, एवढंच त्यानं सांगायचं. लय काही नको.”

मला भरून आलं. तीन वर्षांत माझ्या भाषेला पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं. आबांना हे आताच का हवंय, ते विचारायचं काही सुचलं नाही.

प्रोग्रॅम त्याच दिवशी लिहून झाला. चालवला, तर पडदा कोरा. तेव्हा ध्यानात आलं की माझ्या भाषेत पडद्यावर अक्षर उमटवायची सोयच नाही. असल्या किरकोळ गोष्टी आमच्या मंडळात शेवटी करतात. जुन्या एखाद्या भाषेत हे काम चहा निवायच्या आत झालं असतं. पण पहिलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात कसं पाठवायचं? मी मंडळाला विचारलं. एकानं लिहिलं, पडद्यावर लिहून प्रोग्रॅम बाहेरच्या जगाशी बोलला की त्याची शुद्धता गेली. दुसरा म्हणाला, आधी ‘बाहेरचं जग’ म्हणजे काय ते ठरवा. मग ते ठरवण्यात पावसाळा गेला.

आबा दर रविवारी विचारायचे, “झालं का रे?”

“होत आलंय, आबा.”

हरभऱ्याला पहिलं पाणी द्यायच्या वेळी आबांनी मोटार चालू केली. धाकटे काका बांधावरून आले आणि हळूच म्हणाले, “दादा, आज आमची हाय. तुमची सरून पाच दिवस झाले.”

आबा आधी चिडले. मग बोटांवर दिवस मोजायला लागले. मधेच थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. तिसऱ्यांदा मोजलं नाही. त्यांनी मोटार बंद केली, करदोट्याची चावी सोडली आणि काकांच्या हातात दिली. काका नको नको म्हणत होते. मी शेजारी उभा होतो आणि मला माझी लाज वाटत होती. इतके रविवार हा माणूस मला काय सांगत होता, ते मला आत्ता कळत होतं.

त्यानंतर मंडळाला न विचारता मी पडद्याची सोय केली. दोन दिवस लागले. मंडळात टाकलं तर खूप वाहवा झाली. एकानं ‘दिवस’ या कल्पनेच्या माझ्या मांडणीवर आक्षेप घेतला. प्रोग्रॅम कशासाठी आहे, ते कोणी विचारलं नाही.

रविवारी लॅपटॉप आबांपुढं ठेवला. पडद्यावर एकच ओळ होती: आज मधल्याची पाळी.

आबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

“बरोबर सांगायलंय,” ते म्हणाले. “जा, धाकट्याला दाखव. चावी त्याच्याकडं हाय.”