गरम झाल्यावर बिघडणारा सेट

माझ्या धाकट्या भावाला मी शेळगावच्या एका लग्नात, भर पंगतीसमोर, कानाखाली मारली. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. तो चोवीसचा होता, मी एकोणतीसचा. त्याच्यावर हात टाकायची ती पहिली वेळ नव्हती, पण तोवरचा सगळा मार घरातला, शेतातला होता. आमच्या वडिलांनी, आबांनी, मेंढरं विकून शेती धरली, पण मेंढरं वळायची काठी सोडली नाही. ती आम्हा दोघांच्याही पाठीवर चालायची. मी मिसरूड फुटल्यावर एकदा ती हातात धरली, तेव्हापासून आबा मला मारायचे थांबले. धाकट्याला मात्र आबाही मारायचे आणि मीही.

बारामतीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. भाऊ भवानीनगरला नोकरी करायचा, तिथंच बायकोसोबत एका खोलीत राहायचा. आमचा सहाजणांचा ऑर्केस्ट्रा होता. तो गिटार वाजवायचा आणि आवाजाची सगळी जोडणी माझ्याकडं. गिटारचा ॲम्प्लिफायर त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला. काळं रेक्झिन, पुढं पत्र्याची पट्टी, आत ट्रान्झिस्टर, तेही अगदी पहिल्या काळातले. सेट आमच्याच वयाचा असेल. पण नीट वाजला तर त्याचा आवाज गोल, भरीव यायचा. भावाचा त्याच्यावर फार जीव.

त्या उन्हाळ्यात तो आवाज बिघडायला लागला. कार्यक्रम सुरू झाला की पाच-सहा गाणी बरी जायची, मग हळू सूरसुद्धा खरखरायचे, भाकरीत वाळू यावी तसे. भाऊ मला सांगायचा, "दादा, गरम झाल्यावर बिघडतंय. बघ की जरा." मी दोनदा सेट दुकानात आणला, टेबलावर लावला, पाच मिनिटं वाजवून बघितला. काही खोट नाही. मी त्याला म्हणालो, खोट तुझ्या हातात आहे, तारा ओरबाडतोस आणि ट्रेबल, वरच्या सुरांचं बटण, वाढवून ठेवतोस. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मी पुन्हा तेच ऐकवलं. दुकान माझं होतं, त्यामुळं शेवटचा शब्दही माझाच.

शेळगावचं लग्न भर वैशाखातलं. दुपारच्या मुहूर्तानंतर पंगती बसल्या आणि आम्ही वाजवायला लागलो. वर तापलेला पत्र्याचा मांडव, मागच्या उघड्या बाजूनं सेटच्या पाठीवर थेट ऊन. चौथ्याच गाण्याला खरखर सुरू झाली. पंगतीतले लोक हसायला लागले. कुणीतरी पाण्याचा स्टीलचा ग्लास फेकला, तो ढोलकीवाल्याच्या कपाळावर बसला. नवरीच्या चुलत्यानं माझी कॉलर धरली आणि खाली ओढलं. शर्टाची दोन बटणं तुटली. हे भांड्याला कल्हई चाललीय का गाणं चाललंय, असं त्यानं सगळ्यांदेखत विचारलं. मी हात जोडले. हात जोडत असतानाच माझ्या डोक्यात ठिणगी पडली होती.

मी मंचावर चढलो. भाऊ खाली वाकून ट्रेबल कमी करत होता. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "दादा, मी काय केलं न्हाय." मी उजव्या हातानं पूर्ण ताकदीनिशी त्याच्या डाव्या कानावर मारली. गिटारसकट तो सेटवर कोसळला. सेट आडवा झाला आणि मोठ्यानं गुरगुरत राहिला. वाढपी बादल्या घेऊन थांबले. भाऊ उठला तेव्हा त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आलेली. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. वायर उपसली, गिटार काखेत मारली आणि पंगतीच्या मधून चालत रस्त्याला लागला. एसटीनं घरी गेला असं नंतर कळलं.

आबांच्या कानावर गेलं तेव्हा ते ओसरीत बसून तंबाखू मळत होते. मला वाटलं, आता शिव्या बसतील. ते म्हणाले, "थोरल्यानं मारायचं न्हाय तर कुणी मारायचं?" आणि त्यांनी मला बसायला पोतं सरकवलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. चहाला न थांबता मी तिथून निघालो.

सेट मी दुकानात नेला होता. खरं सांगायचं तर माझं बरोबर होतं हे सिद्ध करायला नेला होता. पहिल्या दिवशी थंड सेट स्वच्छ वाजला. मी खूश झालो. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशी भावाचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून पाठीमागचं झाकण काढलं आणि आत दोनशे वॅटचा पेटता बल्ब धरला. चहा पिऊन होईपर्यंत खरखर आली.

मग मी झपाटल्यासारखा काम करत राहिलो. स्पिरिटमध्ये कापूस भिजवून एकेका भागाला लावत गेलो. थंड केल्यावर कुठं फरक पडतो ते बघायचं. मोठ्या ट्रान्झिस्टरांना लावला, काही नाही. अगदी सुरुवातीचा, गिटारचा बारीक आवाज पहिल्यांदा उचलून धरतो तो चिमुकला ट्रान्झिस्टर होता. त्याला कापूस लागला आणि खरखर तोडल्यासारखी थांबली. कापूस वाळला, खरखर परत. शेजारचा एक कंडेन्सरही सुकून गेला होता, त्यानं खालचे सूर पोकळ केले होते. भंगारातल्या एका मेलेल्या रेडिओतून तसाच ट्रान्झिस्टर काढून बसवला, कंडेन्सर नवा घातला, डाक दिला. बल्बखाली तासभर वाजवला. आवाज गोलच्या गोल. मी हातातली सोल्डरिंग गन भिंतीवर फेकून मारली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, नाहीतर त्यालाच मारलं असतं.

सकाळी सेट स्कूटरला बांधून भवानीनगरला गेलो. भावजयीनं दार उघडलं, या म्हणाली नाही, बाजूला झाली एवढंच. भाऊ खाटेवर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, कुठला भाग होता, कसा सापडला, आणि तो बरोबर होता हेही. तो ऐकत राहिला. मग त्यानं गिटार जोडली, ट्रेबल पूर्ण फिरवला आणि तार छेडली.

पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज निघाला. भावजयीनं कानावर हात ठेवले. मी म्हणालो, ट्रेबल कमी कर. तो म्हणाला, अजून दबलेलाच येतोय, तू नीट केलंच नाहीस. मी पुन्हा म्हणालो. त्यानं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं. मग सावकाश मान वळवून उजवा कान सेटकडं केला आणि तीच तार पुन्हा छेडली. ते ऐकून त्यानं गिटार खाटेवर ठेवली.

पहिला ठोसा मला दिसलाच नाही. माझा पुढचा दात तुटून जिभेवर आला. दुसरा ठोसा बरगडीत बसला. मी भिंतीला टेकलो आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला. हे मी लपवणार नाही. त्या खोलीतसुद्धा तो वर गेला. भावजय मध्ये आली. ती माझ्या हाताकडं बघत म्हणाली, "भावजी, ह्यो हात खाली घ्या आन् जावा."

मी गेलो. कानाच्या डॉक्टरांनी पुढं सांगितलं की पडदा भरून येईल, पण त्या कानाला बारीक, वरचे सूर पहिल्यासारखे ऐकू येणार नाहीत. तसंच झालं.

दिवाळीनंतर ऑर्केस्ट्रा परत उभा राहिला. भाऊ येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. इंदापूरच्या कार्यक्रमाला तो आला, सेट लावला आणि मला म्हणाला, "सूर कसा येतोय ते आता तूच सांगायचं. मला कळत न्हाय." त्यात रागही नव्हता आणि माफीही. मग प्रत्येक कार्यक्रमाआधी तो तार छेडायचा आणि माझ्याकडं बघायचा. मी मांडवाच्या टोकाला उभा राहून हातानं खुणावायचो, अजून कमी, अजून थोडं, आता राहू दे. तेवढ्यापुरतीच त्याची नजर माझ्याकडं यायची. कार्यक्रम सुरू झाला की तो मान खाली घालून वाजवायचा, आणि आवाज चांगला यायचा.