मळ्यावरची नाव

दादाचा फोन आला तेव्हा मी डोणगावच्या माझ्या रोपवाटिकेत एका गिऱ्हाइकाला मिरचीची रोपं मोजून देत होते. "बाई, मले एक नाव पाहून दे. मोटारवाली. वल्ह्याची नाई," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. माझा मोठा भाऊ फोनवर लांबण लावत नाही, आणि कोणाकडे काही मागत तर मुळीच नाही. मी रोपं दिली, हात धुतले आणि त्याच दिवशी कामाला लागले.

कारण विचारायची गरज नव्हती. गेल्या उन्हाळ्यात त्याला लकवा मारला. पाय सुधारला, जीभ सुधारली, पण उजवा हात जेमतेम खांद्यापर्यंत उठतो आणि बोटांत पकड राहिलेली नाही. वल्हं मारायला दोन हात लागतात.

आमचं माहेरचं गाव जानेफळच्या बाजूला होतं. आता तिथं धरणाचं पाणी आहे. लोकांना वर माळावर नवी घरं मिळाली. काहींनी दुसरीकडे वावरं घेतली, दादासारखे काही मच्छीमार संस्थेत शिरले आणि डोंगा चालवायला शिकले. तेव्हापासून त्यांच्यात एक रीत पडली आहे. ज्याचं वावर जिथं बुडालं, तिथं त्याचं जाळं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण मोडतही कोणी नाही. दादाचं जाळं पडतं ते आमच्या जुन्या घरामागच्या मळ्यावर. तिथं दगडी बांध आहे, बांधाच्या आडोशाला मासा थांबतो. पाण्यावर गेलेली माणसं अजून तसंच बोलतात. कोणी सांगतो चिंचेखाली कटला लागला, कोणी सांगतो शाळेपुढं काहीच नाही.

रीतीला एकच अट आहे. पाऊस उघडला की जागेवर जाळं पडलं पाहिजे. दसऱ्यापर्यंत पडलं नाही, तर शेजारचा ती जागा मागू शकतो. आमच्या मळ्याला लागून ज्याचं वावर होतं, तो शेजारी दादाच्या ओट्यावर येऊन चहा पिऊन गेला होता.

"दादा, औंदा तुमची जागा रिकामी राहते का? नाई, मी इचारून राह्यलो फक्त."

"नाई राहत," दादा म्हणाला. शेजारी गेल्यावर त्यानं मला फोन लावला.

मी रात्रीचं जेवण व्हायच्या आत यादी केली. यादी केल्याशिवाय मला साधा बाजारही होत नाही. पेट्रोलचं इंजिन पहिल्याच ओळीत कापलं. त्याची दोरी हिसडा मारून ओढावी लागते, आणि या धरणावर पिण्याच्या पाण्याची योजना असल्यानं संस्था तेलाचं इंजिन चालू देत नाही. म्हणजे बॅटरीवरची मोटार. मागच्या फळीला अडकवायची, खाली पंखा, वर दांडा. दांडा डाव्या हातानं वळला पाहिजे. नाव हलकी पाहिजे, कारण उन्हाळ्याकडे पाणी मागे सरकतं आणि रोज चिखलातून ओढावी लागते. तळ सपाट पाहिजे, कारण पाण्याखाली बाभळीची खोडं आहेत. बॅटरी उचलता येईल अशी पाहिजे.

बॅटरीवरून दादाचं आणि माझं पहिलं भांडण झालं.

"ट्रॅक्टरची हाये न घरी! तेच लावू."

"ते ट्रॅक्टर सुरू करायले असते दादा, दिवसभर मोटार चालवायले नाई. मंधात पाण्यात बसली मंजे?"

"तुले सगळंच मालूम."

मला सगळं माहीत नाही, पण रोपवाटिकेतली फवाऱ्याची मोटर मी वर्षानुवर्षं बॅटरीवर चालवते, त्यामुळे तेवढं माहीत आहे. शेवटी हलकी लिथियमची घ्यायचं ठरलं.

नाव मात्र फायबरची घ्यावी की पत्र्याची, हे ठरत नव्हतं. फायबरची दिसायला झकास. मोबाइलवर फोटो पाहून दादा खूश झाला, पण तिचा तळ निमुळता होता आणि खोडावर घासून चीर गेली तर दुरुस्तीला माणूस इथं कुठं शोधणार? सुलतानपूरला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा एक कारागीर होता. धरणावरच्या लोकांना त्यानं पत्र्याच्या नावा करून दिल्या होत्या. पत्रा फाटला तर कोणीही वेल्डिंगवाला जोडून देईल. मी दादाला घेऊन तिथं गेले.

"किती जणाची पाहिजे?" त्यानं विचारलं.

"एकाची," दादानं मी तोंड उघडायच्या आत सांगितलं.

एका माणसाची, अरुंद, हलकी नाव त्याच्याकडे तयारच होती. यादीतल्या सगळ्या गोष्टींवर खूण झाली. मोटार मी आधीच मागवली होती. 'आधी चालवून पाहा, मग घ्या,' असं तो म्हणाल्यावर आम्ही नाव टेम्पोत टाकून धरणावर नेली.

वहिनी काठावर आल्या, पण पाण्यापासून लांब, एका दगडावर बसल्या. त्या आजवर कधी डोंग्यात बसलेल्या नाहीत. पाण्याची भीती त्यांना नाही. लग्नानंतर त्यांनी जिथं पहिली भाकरी थापली ती चूल खाली आहे, आणि चुलीवरून कोणी जात नसतं, असं त्यांचं म्हणणं. मासे निवडतात, विकतात, जाळी दुरुस्त करतात. पाण्यावर मात्र जात नाहीत.

दादा निघाला आणि आम्हाला बरं वाटलं. डाव्या हातानं दांडा धरून तो सरळ रेषेत गेला, वळला, परत आला. काठावरच्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, "जरा जाळं टाकून पाह्यतो."

टाकताना जमलं. उचलताना फसलं. जाळं उचलायला त्याला डावा हात लागला, म्हणजे दांडा सुटला. वारा होता, नाव हलकी होती, ती आपोआप फिरली आणि जाळं पंख्यात गेलं. त्यानं मोटार बंद केली, पण गुंता सुटेना. सोडवायलाही दोन हात लागतात. आम्ही सगळ्यांनी वल्ह्याचा विचार केला होता. जाळ्याचा कोणीच केला नव्हता.

दादाला ओढून काठाला आणलं ते शेजाऱ्यानंच. तो चांगला माणूस आहे, एक शब्द वावगा बोलला नाही. "जाळं फाटलं नाई, हे चांगलं झालं," एवढंच म्हणाला आणि गेला. दादानं नावेतून उतरताना माझा हात धरला नाही.

घरी आल्यावर तो बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला. "राहू दे बाई. मोटार वापस करून टाक. त्याले सांगून देतो, घे म्हणा जागा." अशा वेळी मला समजूत घालता येत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना कांदा चिरून देऊ लागले.

वहिनी भाकरी थापत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बाई, थो दांडा कोणत्या बाजूले वळवला मंजे नाव कोणीकडं जाते?"

"उलटी जाते, वहिनी. डावीकडं वळवला त उजवीकडं."

"मंजे तुमच्या भावावानी." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "दोघायची पाह्या मंग."

बाहेरून दादाचा आवाज आला, "काय म्हणते थे?"

"म्हन्ते, दांडा मी धरीन," वहिनी तिथूनच म्हणाल्या. "तुमी जाळं पाहा. डाव्या हातानं उचला नाई त दातानं उचला."

"तू? तू बसशीन नावेत?"

"नाई बसली त तुमी घरी बसान. दिवसभर घरी बसलेला माणूस पाह्यण्यापरीस पाण्यावर बसलेलं बरं."

दादा हसला नाही, पण बाजेवर उठून बसल्याचं करकरणं मला ऐकू आलं. चुलीचा विषय कोणीही काढला नाही. मी पुढच्या सकाळी पुन्हा सुलतानपूरला.

या वेळी यादीत वहिनींच्या अटी होत्या. काठ उंच पाहिजे, पाणी पायाला लागता कामा नये. बसायला फळी रुंद पाहिजे. दांडा लांब पाहिजे, वाकून धरणार नाही. चपला ठेवायला जागा. कारागीर म्हणाला, "ताई, हे नाव हाये का सोफा?" पण त्यानं सगळं करून दिलं. नाव रुंद केल्यामुळे वाऱ्यानं फिरेना. जाळं आता पुढून उचलायचं, मोटार मागे, त्यामुळे दोन्हींमध्ये नावेची अख्खी लांबी आली. पंख्याभोवती त्यानं सळयांचा पिंजराही जोडला. रुंद नाव जड झाली, म्हणून यादीत एक ओळ वाढवून मी चिखलातून ओढायला खाली चाकं लावून घेतली. पाण्यात पडलं तरी बुडू नये म्हणून घालतात ती फुगीर जॅकेट दोन आणली. त्यावरून परत भांडण. वहिनी लुगड्यावर ते घालायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, जॅकेट नाही तर नाव नाही. शेवटी घातलं. "गॅसच्या टाकीवानी दिसून राह्यली मी," असं त्या वारंवार म्हणत होत्या.

ते निघाले त्या सकाळी दसरा तोंडावर होता. काठावर बरीच माणसं होती. शेजारी थर्माकोलच्या तराफ्यावर आपलं जाळं घेऊन आधीच पाण्यात होता, आमच्या मळ्याच्या बाजूला जरा जास्तच सरकून. त्यानं या दोघांना येताना पाहिलं आणि हात कपाळाला लावून उन्हात नीट बघितलं.

"वहिनी! तुमी?"

"काऊन, मनाई हाये का?" वहिनींनी विचारलं.

"नाई बाप्पा," म्हणून त्यानं तराफा आपल्या वावराकडे वळवला. जाताना ओरडला, "दादा, डायवर चांगली भेटली!"

या मोटारीला आवाज नाही. त्यामुळे पुढचं सगळं भांडण आम्हा काठावरच्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. दादा म्हणत होता डावीकडं घे, वहिनी उजवीकडं जात होत्या आणि तेच बरोबर असल्याचं सांगत होत्या. नाव एकदा पूर्ण गोल फिरली. लोक हसले. मग ती सरळ झाली आणि लहान लहान होत गेली.

आमचं जुनं घर होतं त्या अंगाला दादा काहीतरी हळू बोलला. ते नाही ऐकू आलं. नाव थांबल्यासारखी झाली. वहिनी मान खाली घालून पाण्यात बघत होत्या, दादा पुढं पाठमोरा बसून होता आणि दोघंही बराच वेळ हलले नाहीत. मी घड्याळ पाहिलं नाही.

मग वहिनींचा आवाज आला, अगदी रोजचा. "टाका न मंग जाळं. काय पाहत बसले?"