रोस्नाहच्या घरचा नियम

रोस्नाह शिवणकाम करते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या कंबरेचं माप तिला तोंडपाठ, पण तिने ते कधी बाहेर फोडलं नाही. एरवी बाई एक नंबरची हट्टी. मोटरसायकल शिकताना तीनदा कालव्यात पडली आणि चौथ्यांदा थेट बाजारातून मासळी घेऊन आली. मी तिची वीस वर्षांपासूनची शेजारीण; ती मला काक यम म्हणते, म्हणजे यमताई, आणि तिची लेक मक यम. आमचं पटतंही आणि कडाक्याचं भांडणही होतं.

तिची लेक हुस्ना नऊ वर्षांची. शाळेचा गणवेश एका वर्षात तीनदा उसवून सैल केला, चौथ्या वेळी शिवणीत कापडच उरलं नाही. तेव्हा रोस्नाह तिला दवाखान्यात घेऊन गेली. रक्तातली साखर अगदी काठावर. ईदनंतरच्या तपासणीपर्यंत उतरली नाही, तर एवढ्याशा पोरीला रोजच्या गोळ्या.

नर्स म्हणाली, "एकट्या पोरीला आणू नका. घरात जेवतात ते सगळे या."

रोस्नाहचा नवरा मत झिन लॉरी चालवतो, वजन शंभरावर. तो उखडला. "मला काय धाड भरलीय?"

"तिच्यासमोर आटीव दुधाचे तीन तीन चहा ढोसता आणि तिला म्हणता, तू पाणी पी," रोस्नाह म्हणाली. "चला गुमान."

त्या दिवसापासून घरात एकच नियम: जे हुस्नाला नाही, ते कुणालाच नाही. फ्रिजवर तिघांच्या नावाचा कागद लागला. चांगलं खाल्लं तर हिरवा ठिपका, थोडं घसरलं तर पिवळा, ताळ सोडला तर लाल. पहिल्या आठवड्यात मत झिनने स्वतःचे सगळे ठिपके हिरवेगार रंगवले. रोस्नाहने टेप काढली, त्याची कंबर मोजली, ती बोटभरही उतरली नव्हती, आणि लाल पेन्सिल त्याच्या हातात दिली. त्याने मान खाली घालून पाच ठिपके बदलले. संध्याकाळी तिघं बंधाऱ्यावर चालायला निघाले की गल्ली म्हणायची, "निघाली बदकं!" मीही हसले, खोटं कशाला बोलू.

मग रमजान आला. आमच्याकडे रोजा सुटायच्या आधी घराघरांतून एकमेकांकडे ताटं जातात. आलेलं ताट नाकारणं म्हणजे तोंडावर दार लावणं. रोस्नाह पहिल्याच दिवशी दारोदार फिरली. "यंदा आमच्याकडे गोड पाठवू नका. माझ्याकडून पेरू येतील, काकडी येईल. राग मानू नका."

मी मानला. "सणासुदीला पोरीच्या तोंडचा घास काढतेस?"

"काढते, काक यम. माझ्या तोंडचाही काढते, तिच्या बापाच्याही."

मला ते फार लागलं. तिसऱ्या आठवड्यात ती ईदचे कपडे पोचवायला गेलेली पाहून मी डाव साधला. ओंदे-ओंदे केले, तांदळाच्या पिठीचे हिरवे गोळे, आत ताडगुळाचा पाक, वरून ओला नारळ. बारा गोळ्यांचं ताट हुस्नाच्या हातात ठेवून आले. बाईचा हट्ट मोडायचा होता मला, दुसरं काही नाही.

दहा मिनिटांत हुस्ना माझ्या दारात, ताट घेऊन. दिवसभराचा रोजा, ओठ सुकलेले. मी झाकण काढलं आणि निर्लज्जासारखे गोळे मोजले. बाराच्या बारा.

"आई आली वाटतं घरी?"

"नाही."

"मग कुणी परत पाठवलं?"

"मीच आणलं. अयाह आंघोळीला गेलेत." बाप बाहेर आला की काय, म्हणून तिने मागे वळून घराकडे पाहिलं.

माझीच मला लाज वाटली. ताट तिच्या हातून घेतलं आणि तिथेच दारात उभी राहिले.

"मक यम, आत ठेवा ना लवकर," ती हळूच म्हणाली. "अयाहना दिसलं तर त्यांना राहवणार नाही."