भागोजीचा मचवा मस्कतला जातो

माझी वहिनी नीराबाई हिच्यापायी मुरुड-अलिबाग रस्त्यावरचे खड्डे मला तोंडपाठ झाले. एस्टीनं निघायचं, रेवदंड्याची खाडी तरीतून ओलांडायची, पलीकडे दुसऱ्या गाडीसाठी उन्हात ताटकळायचं, आणि अलिबागच्या बंदर-कचेरीत पोचलं की ऐकायचं, "साहेब फिरतीवर गेलेत." सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. सहा महिन्यांत भागलं असतं तर मी सत्यनारायण घातला असता!

विकायचा होता आमचा मचवा, 'चंद्राबाई'. हे आमच्या आईचं नाव. माझ्या थोरल्या भावानं, भागोजीनं, ते पुढच्या फळीवर स्वतःच्या हातानं कोरलेलं. हा भागोजी एका हंगामापुरता दुसऱ्याच्या गलबतावर चढला, खजूर आणायला मस्कतला गेला, तो गेलाच. सात वर्षं झाली, गलबताचीही खबर नाही. कागदावर मालक तोच, आणि मचवा वाळूवर पडून तडकत चाललेला. वहिनी मात्र रोज ठसठशीत कुंकू लावायची, हिरव्या बांगड्या भरायची. अख्ख्या कोळीवाड्यात तिला काही विचारायची कुणाची छाती नव्हती.

बोर्ली पंचतनचं गिऱ्हाईक घरी चालून आलं होतं. "आपल्याच किनाऱ्यावर फिरवायचाय, नाव भागोजीचंच ऱ्हाऊ दे, कागदाचं मागाहून बघू," म्हणालं. पण मस्कतच्या एका शेटचाही निरोप आला होता, आणि वहिनीचं एकच, त्यालाच द्यायचा. परदेशी विकायचा म्हणजे इथली नोंद कायमची रद्द करायची, तुळईवर कोरलेला नंबर तासायचा, मग परवानगी. मी भडकलो. "वैनी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागतेस?"

"भावजी, तुमी निस्तं संगं चला," ती म्हणाली.

कचेरीतला कारकून दत्तात्रेय माणूस वाईट नव्हता, आमच्यासारखाच कंटाळलेला होता. "मालकाचं नाव?" त्यानं विचारलं. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून मीच सांगितलं.

"नोंद रद्द करायला मालकाची सही लागते. सात वर्षं खबर नाही, तर वारस म्हणून बाईंचा अंगठा चालेल. पण मालक मयत आहे, असं बाईंनी साहेबांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं."

वहिनी उठली आणि चालू लागली. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. साहेब असले की हिचं तोंड उघडेना, ही तयार असली की साहेब नसत. माझ्या नाकी नऊ आले. तरीत बसल्यावर मी ओरडलो, "अगो बाय, मग बोर्लीवाल्याला देऊन मोकळी हो ना!" ती पाण्याकडे बघत राहिली.

शेवटी मचवा हाकून न्यायला मस्कतच्या शेटचा तांडेल इब्राहिम मुरुडला येऊन बसला. पावसाळ्यात दर्या बंद व्हायच्या आत मचवा मिळाला तर ठीक, नाहीतर राम राम. त्या दिवशी वहिनी साहेबांसमोर उभी राहिली. पदर तोंडाशी धरला, सोडला.

"मयत हाय," म्हणाली आणि अंगठा उठवला.

बाहेर पायरीवर बसून तिनं कुंकू पुसलं. बांगड्या एकेक उतरवल्या, फोडल्या मात्र नाहीत. पदरात बांधल्या. मला रडू आवरेना. तिचे डोळे कोरडे होते.

मग सुतार तुकारामनं तुळईवरचा नंबर तासला. भरतीला मचवा पाण्यात गेला, आणि इब्राहिमचा खलाशी रंगाचा डबा घेऊन पुढच्या फळीकडे वळला. तशी वहिनी लुगडं सावरत गुडघाभर पाण्यात शिरली.

"नंबर सरकारचा व्हता, त्यो गेला. नावाला हात लावायचा न्हाय! शेटशी तशी बोली हाय."

इब्राहिमनं खलाशाला मागे बोलावलं. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. म्हटलं, आता तरी सांग, बोर्लीवाला का नको होता तुला?

"बोर्लीत ह्येंना मचवा दिसला आस्ता काय?"

शीड वर चढलं, मचवा हलला. तशी माझा हात झटकून वहिनी पुन्हा पाण्यात धावली आणि गळा ताणून ओरडली, "तांडेल, तिकडं कुनी इचारलं मचवा कुनाचा, तर सांगा, भागोजीचा! मुरुडच्या भागोजीचा!"

लग्न होऊन आल्यापासून तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.