गोलकीपर पाहण्याचा कार्यक्रम

लंडनच्या हॅरो भागात, हायस्कूल संपल्यावरची शेवटची दोन वर्षं जिथे शिकवतात अशा एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात मी गणित शिकवायचो. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की मुलींच्या टीमची कोच स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसायची. त्या वर्षी तिची गोलकीपर युनिव्हर्सिटीत चालली होती. नवीन शोधायला कोच हायस्कूलांच्या मॅचेस बघत हिंडायची. एका शनिवारी तिने मलाही नेलं, कारण तिच्या मनात भरलेली मुलगी मराठी निघाली होती.

"आईवडिलांशी तू बोल," ती म्हणाली. "मी बोलले की ते गोड हसतात आणि मेडिकलच्या ॲडमिशनचं विचारतात."

वारा इतका बोचरा होता, की मॅच सुरू होताच 'पेपर तपासतो' असं सांगून मी गाडीत जाऊन बसलो. हीटर लावला आणि डोळा लागला. कोचने काच ठोकून विचारलं, "पाहिलंस?"

"जबरदस्त!" मी म्हणालो. वर्षानुवर्षं मुलांना 'पायऱ्या न लिहिता उत्तर लिहू नका' असं बजावणारा मी!

पुढच्या रविवारी आम्ही मुलीच्या घरी गेलो. वडील हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मूळचे नागपूरचे. कशासाठी येतोय ते फोनवर स्वच्छ सांगितलेलं होतं. पण मुलीच्या संदर्भात दोन पाहुणे रविवारी दुपारी सोफ्यावर येऊन बसले, की मराठी घरात पुढचं आपोआप घडत जातं. पोहे आले, वर नागपुरी तर्री. ट्रे मुलीच्याच हातात. ती ट्रॅकसूटमध्ये, एवढाच फरक. कोचने तिचे पंजे निरखून पाहिले आणि उंची विचारली. "पाच-सात," तिची आई, म्हणजे वहिनी, म्हणाल्या. "अजून वाढेल."

"तुमच्या काही अपेक्षा?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"छे छे. बूट आणि ग्लव्हज तेवढे घरचे."

"ते आम्ही करूच," वहिनी म्हणाल्या.

मग डॉक्टर मुद्द्यावर आले. "हिला मेडिसिनला जायचंय. ए-लेव्हल्सची दोन वर्षं म्हणजे जीव काढतात. त्यात दर शनिवार चिखलात घालवायचा?"

मुलगी दारात थबकली. आता 'नाही' आलं तर तिचे ग्लव्हज कायमचे कपाटात जाणार, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ते वाचूनच मी मध्यस्थासारखा सुटलो.

"अहो डॉक्टर, गोलकीपरला फारसं कामच नसतं! बॉल आपला पलीकडच्या टोकाला. ही नुसती उभी. तेवढ्यात मनातल्या मनात केमिस्ट्रीची उजळणी!"

कोचला मराठीचा गंध नव्हता. ती उत्साहाने मान डोलावत होती.

"काका," मुलगी म्हणाली, "तुम्ही माझी मॅच बघितली ना? सेकंड हाफमध्ये मी काय केलं?"

"म्हणजे... उत्तमच."

"काय उत्तम?"

मी पोह्यांत शेंगदाणे शोधू लागलो. सापडले नाहीत. "मी गाडीत होतो," शेवटी म्हणालो. "झोपलो होतो."

"वा, सर! न बघताच पसंती कळवलीत?" डॉक्टर म्हणाले.

"बाबा, तुम्हीपण कधी आला नाहीत. एकदापण नाही."

आता शेंगदाणे शोधायची पाळी डॉक्टरांची होती. तेवढ्यात कोचच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अहो, दुखावलं का आपण यांना?" डॉक्टर घाबरून पुटपुटले.

हो म्हणायचा मोह झाला. बापाचं मन नक्की विरघळलं असतं. पण एका दुपारी एकच खोटं पुरे. "तर्री लागली," मी म्हणालो. वहिनी दही आणायला धावल्या.

"शनिवारी हिच्या शाळेची शेवटची मॅच आहे," मी म्हणालो. "या. बघा. मग सांगा."

"तुम्हीपण चला. पण गाडी माझी आणेन, किल्लीही माझ्याच खिशात राहील."

शनिवारी कोच आमच्या टीमबरोबर दुसरीकडे होती. आम्ही दोघंच रेषेबाहेर कुडकुडत उभे. बराच वेळ बॉल खरोखरच पलीकडे राहिला, आणि आपण अगदीच खोटं बोललो नव्हतो, या विचाराने मला जरा ऊब आली. डॉक्टर मात्र बॉलकडे बघतच नव्हते. मुलीकडे बघत होते. ती दोन पावलं डावीकडे सरकायची, परत यायची, ओरडून पुढच्या मुलींना जागा दाखवायची.

"काम नसतं, नाही का?" ते म्हणाले. "आम्हालाही हेच ऐकवतात. पेशंटला झोपवलं, की तुम्ही सुडोकू सोडवायला मोकळे."

मी मान खाली घातली, म्हणून बॉल कधी अलीकडे आला ते कळलंच नाही. वर पाहिलं तेव्हा समोरची धिप्पाड मुलगी एकटीच धावत येत होती आणि आमची पुढे झेपावून तिच्या पायांवर पडली. बॉल छातीशी, तोंडभर चिखल. "शाब्बास, पोरी!" डॉक्टरांच्या ओरडण्याने पंचाने वळून पाहिलं. थोड्याच वेळात कॉर्नरवरून गोल झाला. तिने जाळीतून बॉल काढला आणि आमच्याकडे चोरून बघितलं. डॉक्टरांनी दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवल्या.

"कोचला काय सांगू?" मी विचारलं.

"चांगले ग्लव्हज कुठे मिळतात, विचारा. हिचे फाटलेत."

ही आनंदाची बातमी लगेच द्यावी म्हणून मी वाऱ्याकडे पाठ करून फोन काढला. डॉक्टरांनी खांदा धरून मला मैदानाकडे फिरवलं.

"नंतर," ते म्हणाले. "आधी बघा."