पंचमीचा नाग आणि काकांचे हात

उमरीत आमच्या समोरच्या घरात आनंदराज वाघमारे राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण गावात त्यांची ओळख सापवाले काका अशीच. फोन लावला की पलीकडून एका दमात ऐकू यायचं, "जयभीम. कुठं हाय? फणा काढला का? आधी ती काठी खाली ठेवा." लोकांच्या हातात काठी असणार, हे ते धरूनच चालायचे.

त्यांची पत्नी महामायाकाकू बरोबर जायची. बॅटरी धरायची, बरणीचं झाकण सांभाळायची आणि घामाघूम झालेल्या घरच्या बाईला आत नेऊन पाणी पाजायची. काकूचं बोलणं कमी. काकांचं मात्र भरपूर. साप पकडणं हा त्यांच्या लेखी निम्मा कार्यक्रम, उरलेला निम्मा भाषणाचा. साप दूध पीत नाही, डूख धरत नाही, पुंगी ऐकत नाही. शेपूट हातात धरून हे सगळं झाल्याशिवाय साप बरणीत जात नसे.

एकदा देगलूरला पुतणीच्या लग्नाला निघताना ऐनवेळी फोन आला. काकांनी सफारीतच नाग धरला आणि वाटेत माळावर सोडू म्हणून बरणी पिशवीत घालून एसटीत चढले. कंडक्टरने पिशवीत काय म्हणून विचारलं. काका खोटं बोलत नाहीत.

कंडक्टर दोन पावलं मागे सरून म्हणाला, "ह्याचं तिकीट कोण काढणार?"

"ह्याला मधीच उतरायचंय," काका म्हणाले.

तोवर शेजारची माणसं उठून मागे गेली होती. काकू खिडकीशी ऐसपैस बसत म्हणाली, "लग्नसराईत कधी अशी जागा मिळाली नव्हती बघा."

मग एकदा तुराट्यांच्या ढिगातून घोणस निघाली. कुकरची शिट्टी सुटावी तशी फुसफुसत होती. तिचा आवाज ऐकून गर्दी जमली आणि गर्दी बघून काकांना बोलायचा हुरूप आला. साप काकांकडे बघत होता आणि काका लोकांकडे. नांदेडच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून ते वाचले, पण उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट नीट मिटेना. तिथंच खाटेवर काकूनं शब्द घेतला, यापुढं सापाला हात लावायचा नाही. मी डबा घेऊन गेले होते, शेजारीच उभी होते.

"पुन्हा ह्या खाटेशी बसणं माझ्यानं व्हायचं न्हाई," काकू एवढंच म्हणाली होती.

तेव्हापासून काका फोन आला की हरिओमचा नंबर देत. हरिओम म्हणजे त्यांनीच शिकवून तयार केलेला गावातला सर्पमित्र.

यंदा नागपंचमीला सासूबाईंनी भिंतीवर गंधाचा नाग काढला, लाह्या-दुधाचा नैवेद्य ठेवला. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. दिंडं उकडायला ठेवून मी मागच्या पडवीत गेले, तर कपडे धुण्याच्या मशीनमागे खराखुरा नाग.

हरिओमला फोन केला.

"वहिनी, आज न्हाई जमत," तो अजिजीनं म्हणाला. "आई म्हणते, पंचमीला सापाला हात लावलास तर घरात पाय ठेवू नको. उद्या सकाळी सकाळी येतो."

"मग राहू दे की आजचा दिवस," सासूबाई म्हणाल्या. "सणाला आलाय."

"आई, तो मुक्कामाला आलेला नाही," आमचे हे, रेणुकादास, खुर्चीवर उभे राहून बोलले. कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवतात.

आमचा गलका ऐकून काका आलेच. हात पाठीमागे घट्ट बांधलेले. "मी फक्त बघायला आलो," ते मला म्हणाले, पण नजर मशीनमागे. त्यांच्या मागोमाग काकू, एका हातात काठी, दुसऱ्यात पाइप आणि त्याच्या एका तोंडाला बांधलेली काळी पिशवी. ही पिशवी तिनं कधीची शिवून ठेवलेली. काका ती वापरत नसत, कारण त्यात साप आपला आपण अंधारात शिरतो आणि बघणाऱ्याला काही दिसत नाही.

काकूनं पाइप भिंतीलगत सरकवला, त्याचं मोकळं तोंड नागाच्या बाजूला केलं आणि स्टूल घेऊन लांब बसली. आम्हालाही मागे व्हायला सांगितलं.

"शेपटीला जरा धरलं की काम होतंय," काका पुटपुटले. बांधलेले हात सुटले होते.

"हात," काकू म्हणाली. वळून बघितलंसुद्धा नाही.

काकांनी हात खिशात घातले. थोड्या वेळानं त्यांना राहवेना. "नाग हा मुळात लाजाळू—"

"अहो, त्याला जाऊ द्या की."

काका गप्प झाले. त्यांना इतकं गप्प मी दवाखान्यातही बघितलं नव्हतं. खिशातल्या खिशात त्यांची बोटं हलत होती. नागानं फणा खाली केला, इकडंतिकडं डोकं फिरवलं आणि पाइपात शिरला. पिशवी जड झाल्यावर काकूनं काठीनं तिचं तोंड दाबलं, पीळ घालून गाठ मारली.

सासूबाई हळदी-कुंकू घेऊन पुढं आल्या. काकांनी तोंड उघडलं. त्यांचं आवडतं भाषण इथूनच सुरू व्हायचं.

"लावू द्या," काकू म्हणाली. "पिशवी धुता येतीय."

तिनं पिशवी काठीच्या टोकाला अडकवली. काकांनी खिशातून हात काढले. "काठी तरी धरू का?" एवढ्या हळू आवाजात विचारलं की मला खाऊ मागायला आलेल्या माझ्या लहान मुलीची आठवण झाली. काकूनं गाठ पुन्हा ओढून बघितली, त्यांच्या उजव्या हाताकडं बघितलं आणि काठी डाव्या हातात दिली.

"लांब धरा. अन् मी बरोबर येतीय."

दोघं नाल्यापलीकडच्या माळाकडं निघाली. फाटकाबाहेर पडताच काकांचा आवाज सुरू झाला, नाग कसा लाजाळू, कसा भित्रा. काकू मान हलवत, त्यांच्या डाव्या बाजूनं चालत होती. आता तिनं त्यांना गप्प केलं नाही.