शंखांचा मोर

माझे वडील शिरूरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, आणि त्यांना वेड होतं ते विहिरींतल्या गोगलगायींचं. उन्हाळ्यात कुठं विहिरीचा गाळ निघतोय असं कळलं की स्कूटर काढून ते निघालेच, मग ते मांडवगण असो नाहीतर पार दौंड. वर आलेल्या गाळाशेजारी बसकण मारून हरभऱ्याएवढे शंख वेचत बसायचे. नदीतली गोगलगाय पुरात कुठूनही कुठं जाते. विहिरीतली मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथंच, म्हणून प्रत्येक विहीर हे एक बेटच, असं त्यांचं म्हणणं. एकाच जातीचे जीव असे वेगवेगळे अडकले तर हळूहळू वेगळे होत जातात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. प्रत्येक विहिरीचे शंख वेगळ्या काडेपेटीत, आणि आत गावाची नि विहीरमालकाची चिठ्ठी. प्रयोगशाळेतलं एक कपाट त्या काडेपेट्यांनी गच्च भरलं होतं. मोजमाप मात्र राहूनच जाई. "रिटायर झालो की निवांत करू," म्हणायचे.

उत्क्रांती शिकवताना ते दरवर्षी एक गोष्ट सांगत. मीही त्यांच्या वर्गात बसून ती ऐकली आहे. ज्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञामुळे हा विषय उभा राहिला, त्यानं तरुणपणी दूरच्या बेटांवरून पक्षी जमवून आणले. पण कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा, याच्या चिठ्ठ्याच नीट लावल्या नाहीत. घरी परतल्यावर कळलं की खरी गोम बेटातच होती. मग जहाजावरच्या इतरांनी चिठ्ठ्या लावून आणलेले पक्षी बघत बसायची पाळी आली. "एवढा मोठा माणूस, पण चिठ्ठीला चुकला," असं म्हणून वडील मिस्कील हसत.

दोन हजारच्या आसपास ते निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मग माजी विद्यार्थ्यांनी एक भलीमोठी फ्रेम धरून स्टेजवर आणली. निळ्या मखमलीवर शंखांचा मोर. मोठे शंख पिसाऱ्याला, बारके मानेला, वरून चकचकीत व्हार्निश. सरांचं आयुष्यभराचं काम कपाटात धूळ खात पडलंय, ते चारचौघांना दिसावं म्हणून पोरांनी खपून केलं होतं. टाळ्या थांबेनात.

"काडेपेट्या कुठायत?" वडिलांनी हळूच विचारलं.

"टाकल्या की सर. पार कुबट झाल्या व्हत्या," त्यांच्यातला एक अभिमानानं म्हणाला.

वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "छान केलंत." मला त्या वेळी वडिलांचा भयंकर राग आला. आजही येतो. पण पोरांचे चेहरे आठवले की वाटतं, मी तरी दुसरं काय बोलले असते.

पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा बाहेर पडले. मी सोबत होते. मांडवगणला एका ओळखीच्या शेतकऱ्यानं बांधावरूनच सांगितलं, "ती हीर कवाच बुजवली, सर. आता बोअर हाय." दुसरीकडं विहीर होती, पण तिच्यात कॅनॉलचं पाणी सोडलेलं. कॅनॉलबरोबर कुठकुठल्या गोगलगायी आल्या असतील, कोण सांगणार? त्या इंग्रजाला निदान जहाजावरच्यांकडं मागता आलं. वडिलांनी कुणाकडं मागायचं?

फ्रेम आमच्या बैठकीच्या खोलीत लागली. सुरुवातीला ते भिंग घेऊन तिच्यापुढं उभे राहत. एकदा मोराच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "हा दौंडकडचा असावा." मग बोट काढून घेतलं. "असावा म्हणून चालत नाही." भिंग त्यांनी कपाटात ठेवून दिलं. मी म्हटलं, काढून टाकू हा मोर. तर म्हणाले, "पोरं येतात गं. आल्या आल्या आधी भिंतीकडं बघतात."

आणि पोरं यायचीही. पुढं बायकामुलांना घेऊन यायची. मोर दाखवायची, चहा व्हायचा. एकदा कुणाच्या तरी बायकोनं कौतुकानं विचारलं, "सर, हे शंख कुठले वो?"

"आपल्याच भागातले," वडील म्हणाले.